इम्पोर्टेड बिअर पहिल्यांदा चाखताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जण जमतो. प्रत्येकाने एक अनोळखी बाटली आणायची, सगळ्यांनी थोडी थोडी चाखायची आणि जे वाटेल ते मोकळेपणी बोलायचं, एवढाच नियम. त्यावर मी अधूनमधून लिहिते, म्हणून प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच तेच असतात, तेव्हा ते एकदाच नीट लिहून ठेवावेत असं ठरवलं.

नाशिकला वाइन कशी चाखायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. द्राक्षांच्या गावात ग्लास फिरवून आधी वास घेणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. बिअर समोर आली की मात्र तीच माणसं ‘थंड आहे ना? मग झालं’ म्हणतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बिअरमध्ये वाइनइतकंच शोधण्यासारखं असतं.

१. इम्पोर्टेड बिअर म्हणजे नक्की कोणती? बडवायझर, हाइनेकेन इम्पोर्टेडच ना?

नाव परदेशी असलं म्हणून बिअर परदेशातून आलेली असतेच असं नाही. बडवायझर, हाइनेकेन, कार्ल्सबर्ग, टुबॉर्ग या नावांच्या ज्या बाटल्या आपल्याकडे सर्रास मिळतात, त्या भारतातच बनतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट त्या ताज्या मिळण्याची शक्यता जास्त. पण इम्पोर्टेड म्हणून जादा पैसे मोजणार असाल तर बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. बाहेरून आलेल्या बाटलीवर ती कोणत्या देशात बनली ते लिहिलेलं असतं, आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता असलेला स्टिकर असतो. बऱ्याचदा हा स्टिकर मूळ लेबलवर वेगळा चिकटवलेला दिसतो.

२. आजवर फक्त आपली नेहमीची बिअर प्यायलोय. सुरुवात कशाने करू?

नेहमीची म्हणजे फिकी सोनेरी लागर असेल, तर तिच्याच घराण्यातली चेक किंवा जर्मन पिल्सनर घ्या. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. आज जगभर जी फिकी लागर पितात तिचा वंश तिथून सुरू होतो. पिल्सनर उर्केल ही त्याच कारखान्याची बिअर. ती प्यायल्यावर कळतं, की आपल्या ओळखीच्या चवीत मुळात हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कडूपणा आणि भाजल्या पावासारखा माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) गोडवा किती जास्त होता.

कडू अजिबात सोसत नसेल तर पिल्सनर पुढे ढकला आणि गव्हाची बिअर घ्या. बव्हेरियन वाइसबिअर, जसं एर्डिंगर, पाउलानर, वाइहेनश्टेफान. किंवा बेल्जियन विटबिअर, तिचं सर्वांत परिचित नाव ह्यूगार्डन. माझ्या अनुभवात बिअर न आवडणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांना व्हीट बिअर आवडून जाते. बिनसाखरेची काळी कॉफी पिणाऱ्यांनी स्टाउटपासूनही (भाजलेल्या माल्टची काळी बिअर) खुशाल सुरुवात करावी, त्यांची जीभ आधीच तयार असते.

डबल आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) आणि लाम्बिक (जंगली यीस्टने आंबवलेली बेल्जियन बिअर) पहिल्याच दिवशी नको. एक कडूपणाचं टोक आहे, दुसरं आंबटपणाचं. आणि दोघांत एकच बाटली घ्या. नाही आवडली तर नुकसान अर्धं, आवडली तर बोलायला सोबत.

३. वयाची अट काय? परमिट खरंच लागतं का?

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, कडक दारूसाठी २५. आणि हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवाना लागतोच. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा असा मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आयुष्यभराचा एकदाच काढून ठेवलेला बरा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदान संपेपर्यंतचे ४८ तास ड्राय असतात, तेव्हा बेत त्या हिशेबाने आखा.

४. नाशिकमध्ये मिळेल कुठे? वायनरीत मिळते का?

वायनरीत मुख्यतः त्यांची वाइन, तिथे बिअरच्या आशेने जाऊ नका. मोठी वाइन शॉप, काही बिअर शॉपी आणि मोठ्या हॉटेलांचे बार, एवढीच ठिकाणं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत निवड थोडी जास्त असते. पण दुकान मोठं आहे यापेक्षा त्याचा माल फिरतो का, हे महत्त्वाचं. ज्या दुकानात इम्पोर्टेड बाटल्या रोज विकल्या जातात तिथे त्या ताज्या असतात. जिथे त्या शोकेसची शोभा म्हणून उभ्या असतात, तिथून घेऊ नका. काउंटरवर ‘ही शेवटची खोकी कधी आली?’ असं सरळ विचारा. चांगला दुकानदार हसून उत्तर देतो.

५. दुकानात बाटली हातात घेतली. आता काय बघू?

तारीख. ब्रँड, देश, किंमत, सुंदर लेबल, सगळं तारखेनंतर.

विचार करा, बेल्जियम किंवा जर्मनीत भरलेली बाटली जहाजाने न्हावा शेवाला येते. कस्टम्स, आयातदाराचं गोदाम, ट्रक, कसारा घाट, इथल्या वितरकाचं गोदाम, मग दुकान. यात महिने जातात. मधल्या प्रवासात तिला एसी मिळालेला असेलच असं नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वाइन जुनी झाली की मुरते असं आपण ऐकलेलं असतं, तो न्याय बिअरला लावू नका. बहुतेक बिअर ही दुधाच्या जातीची आहे, लोणच्याच्या नाही. जितकी ताजी तितकी चांगली. अपवाद आहेत, ते प्रश्न १७ मध्ये.

तर शेवटच्या तारखेला निदान चार-पाच महिने शिल्लक असावेत. युरोपियन बाटलीवर दिवस आधी आणि महिना नंतर असतो, आपल्यासारखाच. अमेरिकन बाटलीवर महिना आधी. म्हणजे ०३/०४ हे जर्मन बाटलीवर ३ एप्रिल, अमेरिकन बाटलीवर ४ मार्च. जर्मनवर ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ असे शब्द दिसतील, म्हणजे निदान अमुक दिवसापर्यंत टिकेल. डच भाषेतल्या लेबलवर त्याचंच ‘टीएचटी’ होतं.

तारखेनंतर बघायचं ते बाटली कुठे उभी होती. बिअरचा दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधली कडू द्रव्यं उन्हात मोडतात आणि एक घाणेरडा, जळक्या रबरासारखा वास तयार होतो. कडक उन्हात त्याला काही मिनिटंही पुरतात. तपकिरी काच बरंच संरक्षण देते, हिरवी फार थोडं, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये ही भानगडच नाही.

शहरातल्या एका दुकानातून मी एकदा हिरव्या बाटलीतली चार पिल्सनर आणली. तारीख उत्तम होती. घरी पहिली उघडली आणि वासानेच मान फिरवली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मुद्दाम त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले, तर पश्चिमेचं ऊन थेट त्या फळीवर पडलेलं, बाटल्या पाचूसारख्या चमकत होत्या. किती सुंदर दिसत होत्या, आणि सगळ्या वाया गेलेल्या. त्या दिवसापासून मी समोरची बाटली घेत नाही. ‘खोक्यातली द्या’ म्हणते.

६. लेबलवर १२.५ टक्के लिहिलंय. इतकी कडक?

बहुतेक वेळा नाही. जर्मन लेबलवर दोन टक्केवाऱ्या असतात आणि लोक हमखास चुकीची वाचतात. ‘श्टामव्युर्त्स’ या शब्दाशेजारचा आकडा म्हणजे आंबवण्याआधी त्या काढ्यात साखर वगैरे किती होती ते. यीस्ट त्यातली बरीचशी खाऊन टाकतं. अल्कोहोलचा आकडा ‘आल्क’ आणि ‘व्हॉल’ या अक्षरांसोबत असतो, बहुधा ५ च्या आसपास. युरोपात दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ५,३ हे पाच पूर्णांक तीन दशांश असं वाचा.

चेक लोक बिअरला दहा अंश, बारा अंश म्हणतात, तेही याच मापाने. पिल्सनर उर्केल बारा अंशांची, पण अल्कोहोल ४.४ टक्के.

बेल्जियममध्ये मात्र उलटा धोका. ट्रॅपिस्ट मठातल्या रोशफोर बिअरवर ६, ८, १० असे मोठे आकडे असतात. ती जुनी मापं. त्यांतलं अल्कोहोल अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३ टक्के. म्हणजे लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त! दुब्बेल आणि ट्रिपेल या शब्दांवरूनही दुप्पट-तिप्पटीचा हिशेब मांडू नका. मागे बारीक अक्षरात छापलेली टक्केवारी, तेवढीच खरी.

७. काळी बिअर म्हणजे कडक बिअर ना?

नाही. रंग भाजलेल्या माल्टमधून येतो, नशेचा त्याच्याशी संबंध नाही. काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के आहे आणि उन्हासारखी पिवळी दिसणारी डुव्हेल ८.५ टक्के. ‘डुंकेल’ म्हणजे फक्त गडद रंगाची, ‘हेल’ म्हणजे फिकी.

८. किती थंड करायची?

आपल्याला बर्फगार लागते, आणि मेमधल्या दुपारी ते चूक म्हणवत नाही. पण अति गारठ्याने जीभ बधिर होते आणि ज्या चवीसाठी पैसे मोजले तीच कळत नाही. पिल्सनर ५ ते ७ अंश, व्हीट बिअर ७-८ अंश, कडक बेल्जियन ८ ते १२ अंश, हा माझा अंदाज मला कधी दगा देत नाही. थर्मामीटर लागत नाही. घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांना असतो. पिल्सनर काढली की लगेच ओता. व्हीट बिअर उन्हाळ्यात पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. बेल्जियनला उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, डिसेंबरात अर्धा तास द्या. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तर चिमे ब्लू ही कडक बेल्जियन मी फ्रिजमध्ये ठेवतच नाही.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. बाटली फुटते. आणि ग्लासात बर्फ घालू नका.

९. ग्लास कोणता? ओतायची कशी?

प्रत्येक बिअरचा वेगळा ग्लास असतो, पण तो नसला तरी अडत नाही. नाशिकच्या घरात वाइनचा मोठा ग्लास असतोच, बेल्जियन बिअर त्यात फार छान खुलते. अट एकच, ग्लास स्वच्छ हवा. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. चिवडा खाल्लेल्या हाताने आतून पुसलेला ग्लास हे फेस मरण्याचं आमच्या गच्चीवरचं पहिलं कारण आहे. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर समजा, नीट धुतलेला नाही.

व्हीट बिअर ओतणं हा एक छोटा सोहळाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. उंच ग्लास थंड पाण्याने आतून ओला करा, पुसू नका. ग्लास तिरपा धरा, बाटलीचं तोंड काठाला लावा आणि धार भिंतीवरून हळू सोडा. भरत येईल तसा ग्लास सरळ करत जा. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा. आता बाटली गोल गोल फिरवा, तळाशी बसलेलं यीस्ट सुटून पांढरट ढग होईल, आणि तो ढग फेसाच्या मधोमध ओता. ग्लासमधली बिअर वरून खाली गढूळ होत जाते. फेस काठाच्या वर टोपीसारखा उभा राहतो आणि तसाच टिकतो. मग नाक जवळ न्या. घोट नंतर.

१०. बाटलीच्या तळाशी गाळ दिसतोय. खराब आहे का?

‘हेफे’ हा शब्द लेबलवर असेल तर तो गाळ असायलाच हवा. हेफे म्हणजे यीस्ट. ते पोटाला अपाय करत नाही, आणि वाइसबिअरमध्ये ते मिसळूनच पितात. बेल्जियन ट्रॅपिस्ट बिअरमध्येही बाटलीतच पुन्हा आंबवण होतं, त्यामुळे तळाशी थर येतो. तिथे आवडीचा प्रश्न आहे. मी तो बाटलीत राहू देते, कारण वरची स्वच्छ चव मला जास्त आवडते. अशा बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नको.

उलट नेहमी नितळ असणाऱ्या पिल्सनरमध्ये चुरा किंवा तरंगणारे तुकडे दिसले तर ती खूप जुनी झाली आहे. घेऊ नका.

११. बिअरला केळ्याचा वास येतोय! यात इसेन्स घालतात का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या घटकांचा कायदा झाला: बार्ली, हॉप्स, पाणी, एवढंच. त्या परंपरेत आज वाइसबिअरला गव्हाचा माल्ट आणि यीस्ट चालतं, पण केळं किंवा इसेन्स बिलकुल नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा, आणि हेच द्रव्य पिकल्या केळ्यातही असतं. ते यीस्ट स्वतः तयार करतं. त्याच यीस्टमुळे लवंगेसारखा एक गंधही येतो.

माझी आई दारूला शिवत नाही. एकदा गच्चीवर पापड ठेवायला वर आली, तेव्हा मी तिला नुसता वास घ्यायला सांगितलं. तिने पदर सावरत ग्लासवर वाकून डोळे मिटले, आणि म्हणाली, “अगं, यात लवंग कुणी टाकली?” आमच्यातल्या चौघांना तोवर लवंग सापडली नव्हती. चाळीस वर्षं घरचा मसाला भाजणाऱ्या नाकाला एका हुंगण्यात ती सापडली. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, की तुमचं नाक तयार आहे, फक्त ते वापरायची सवय नाही.

बेल्जियन विटबिअरची गोष्ट वेगळी. तिच्यात खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. ही पद्धत जवळजवळ संपली होती, पियर सेलिस यांनी १९६६ मध्ये ह्यूगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. तर त्या ग्लासात धन्याचा वास आला तर तुमचं बरोबर आहे.

१२. पहिला घोट घेतला आणि अजिबात आवडली नाही. सोडून देऊ?

थांबा. पहिल्या घोटाला जीभ फक्त एवढंच सांगते, की हे ओळखीचं नाही. ते मत नव्हे. कडू चव शरीराला मुळात सावध करते, लहानपणी कारलं आणि मेथीही आपण थुंकलीच होती. दुसरा घोट छोटा घ्या, तोंडात सगळीकडे फिरू द्या, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. बराचसा स्वाद त्या श्वासातच असतो. मग पाच मिनिटं गप्पा मारा, काहीतरी खा, तेवढ्यात ग्लास थोडा कोमट होईल. आता तिसरा घोट.

अर्धा ग्लास झाल्यावरही नको वाटली तर नको. उरलेली दुसऱ्याला द्या. महाग होती म्हणून संपवायची, असं करू नका. ती बिअर तुमची नव्हे, इतकाच त्याचा अर्थ. आणि नाव मोठं म्हणून आवडल्याचा आव आणू नका. गच्चीवर एकदा एका भाऊजींनी सगळे वाहवा करत असताना शांतपणे सांगितलं, “मला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागतेय.” बाटली तपासली तर मुदत उलटून गेलेली. ते एकटेच बरोबर होते.

मात्र आवडली नाही आणि बिघडलेली आहे, हा फरक ओळखता आला पाहिजे. तो पुढच्या प्रश्नात.

१३. बिघडलेली बिअर कशी ओळखायची?

ओला पुठ्ठा किंवा जुन्या वहीचा वास असेल तर तिला हवा किंवा उष्णता लागली, ती शिळी आहे. जळकं रबर म्हणजे उजेड लागला (प्रश्न ५). लोण्यासारखा वास आणि सोबत आंबट चव म्हणजे जंतूंचा शिरकाव. उघडताना फस्स आवाजच आला नाही, तर झाकण नीट बसलेलं नव्हतं. उघडताच कारंजं उडालं तर आधी आठवा, घरी येताना खड्ड्यांतून स्कूटरवर हिंदकळली होती का. तसं असेल तर दुसरी बाटली एक दिवस शांत ठेवून उघडा, कारण कळेल.

आंबट चव हा दोषच असतो असं नाही. लिंडेमान्ससारख्या बेल्जियन लाम्बिकमध्ये हवेतल्या जंगली यीस्टने आंबवण होतं, ती आंबटच असते, आणि चेरीची ‘क्रीक’ तर आंबट-गोड.

शिळ्या बिअरने बहुधा कुणी आजारी पडत नाही, पण ती पिण्यात अर्थ नाही. बिल ठेवा, न उघडलेली बाटली तारीख दाखवून बदलून मागा.

१४. गिनेसच्या कॅनमध्ये काहीतरी खडखडतंय!

प्लॅस्टिकचा पोकळ गोळा आहे, मुद्दाम ठेवलेला. त्यात दाबाने नायट्रोजन असतो. कॅन उघडताच तो जोरात बाहेर येतो आणि बारीक बुडबुड्यांची मऊ साय तयार होते. म्हणून हा कॅन नीट गार करून, उघडल्यावर लगेच, मोठ्या ग्लासात एका दमात ओता. कॅनमधूनच पिऊ नका, सगळी मजा त्या सायीत आहे.

१५. सोबत काय खावं? आणि लिंबाची फोड?

आपला चकणा तिखट असतो, आणि इथेच गंमत बिघडते. हॉप्सचा कडूपणा आणि गॅस दोन्ही तिखटाला चेतवतात. कडू आयपीएसोबत काळ्या मसाल्याची शेवभाजी घेतलीत तर तोंडाची आग होईल आणि बिअर नुसती कडू लागेल. झणझणीत जेवणाला व्हीट बिअर द्या. तिच्यातला गव्हाचा मऊपणा आणि किंचित गोडवा तिखट सांभाळून घेतो. पिल्सनरसोबत तळलेलं काहीही, कांदाभजी, बोंबील, बटाट्याचे काप. स्टाउटसोबत सुकं मटण, कारण दोन्हींत भाजल्याची चव. खारे शेंगदाणे कशासोबतही चालतात.

पहिले दोन-तीन घोट मात्र काहीही न खाता घ्या. मिसळ खाऊन आलेल्या जिभेला लवंग-केळं काही सापडत नाही.

लिंबू कोरोनासारख्या हलक्या मेक्सिकन लागरमध्ये पिळतात, तिथे ठीक आहे. बव्हेरियन वाइसबिअरमध्ये टाकू नका, आंबट रसाने फेस बसतो आणि वास झाकला जातो.

१६. मी शाकाहारी आहे. बिअर शाकाहारी असते का?

बहुतेक असते, सगळी नाही. बिअर नितळ करण्यासाठी काही ब्रिटिश ब्रुअरी आयसिंग्लास वापरतात, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. बिअरमध्ये ते जवळजवळ उरत नाही, पण वापरलेलं असतं. गिनेसही वापरत असे. ते बंद करण्याचं त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं आणि नंतर गाळण्याची पद्धत बदलली. जर्मन आणि चेक बिअरच्या बाबतीत सहसा हा प्रश्न येत नाही. ‘मिल्क स्टाउट’मध्ये दुधातली साखर असते, दूध सोसत नसेल तर टाळा. घरात कडक पाळत असाल तर त्या ब्रुअरीच्या संकेतस्थळावर बघून मगच घ्या.

१७. मुदत संपलेली बेल्जियन बिअर दुकानदार स्वस्तात देतोय. घेऊ का?

दुकानात मुदत संपलेला माल विकणं योग्य नाही, तेव्हा घेऊ नका. पण प्रश्नामागची शंका खरी आहे. ८-९ टक्क्यांपुढची, गडद, बाटलीत यीस्ट असलेली बिअर थंड अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षं टिकते, आणि तिला खजूर-मनुक्यांसारखा स्वाद येतो. चिमे ब्लूवर तर बाटली भरल्याचं वर्ष छापतात, लोक ती जपून ठेवतात. हे फक्त नीट साठवलेल्या बाटलीला लागू. आपल्या दुकानाच्या फळीवर दोन उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, शिजते. पिल्सनर, व्हीट आणि आयपीए यांना तर हा अपवाद कधीच लागू नाही. आयपीएचा हॉप्सचा वास सगळ्यांत आधी उडतो, ती तीन-चार महिन्यांतलीच हवी.

१८. लहानशी बाटली आहे, कितीशी चढणार? गाडी चालवता येईल ना?

हिशेब करा. आपली ६५० मिलीची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल. ९ टक्क्यांची ३३० मिलीची छोटी बेल्जियन बाटली म्हणजे २९.७ मिली. जवळपास तितकंच, निम्म्या आकारात, आणि चवीला इतकी गोडसर की पटकन संपते. म्हणूनच ती दोघांत घ्या, सावकाश, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून.

गाडीचं उत्तर नाही असंच. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, एका बाटलीने ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमच्याकडे येणारे रिक्षाने येतात किंवा न पिणाऱ्यासोबत येतात. यात सूट कुणालाच नाही.

१९. दमणहून चार बाटल्या आणल्या तर? आणि परदेशातून येणाऱ्या भावाने आणल्या तर?

दमणहून नको. तिथली बाटली महाराष्ट्राचा कर भरलेली नसते, परवानगीशिवाय इथे आणणं गुन्हा आहे. शिवाय दमणमधून रस्त्याने बाहेर पडताच गुजरात लागतो, आणि तिथे दारूबंदी आहे. म्हणजे पेठ रोडने नाशिकला पोहोचेपर्यंत दोन राज्यांचे कायदे मोडलेले असतात. गोव्याच्या बाटल्यांनाही करमुक्त म्हणून काही वेगळा नियम नाही.

विमानाने परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला मद्य, वाइन, बिअर मिळून दोन लिटर ड्युटीशिवाय आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोब्बर बसतात. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, तेव्हा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवायला सांगा. मुंबईहून घरी येईपर्यंत बिल जवळ असू द्या. भावाने आणलेली बाटली बहुधा दुकानातल्यापेक्षा ताजी असते, तेव्हा संधी मिळाली तर आयपीएच मागवा.

२०. अल्कोहोल-फ्री जर्मन बिअर म्हणजे शून्य ना?

शून्य असेलच असं नाही. जर्मनीत ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर अल्कोहोल-फ्री म्हणून विकता येते. काटेकोर शून्य हवं असेल तर लेबलवर ०.० बघा. चवीला यातली व्हीट बिअर सगळ्यांत चांगली उतरते.

२१. कुणी पिऊच नये?

गरोदर बायकांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी, आणि एकदा सोडलेल्यांनी, त्यांना आग्रह तर मुळीच नको. मेट्रोनिडाझोलसारखं औषध चालू असेल तर अजिबात नाही, इतर औषधांचं डॉक्टरांना विचारा. मधुमेहींनीही आधी विचारावं. ग्लूटेन सोसत नसेल तर बार्ली-गव्हाची बिअर वर्ज्य. घरात कुणाचं ‘एकच’ कधी एकावर थांबत नसेल, तर ही चाखाचाखी त्या घरात करू नये असं मला वाटतं.

२२. अर्धी बाटली उरली तर दुसऱ्या दिवशी चालेल?

गॅस उडतो, दुसऱ्या दिवशी मिळमिळीत लागते. त्याच रात्री गॅस असतानाच तांदूळपीठ-बेसनाच्या पातळ पिठात पाण्याऐवजी घाला आणि मासे तळा. आवरण हलकं आणि कुरकुरीत होतं. त्यासाठी पिल्सनर किंवा व्हीट बिअर घ्या, कडू आयपीए नको, तळल्यावरही कडूपणा जात नाही.